डब्यावरचा नवाब, ताटातली ज्वारी

मागच्या रमजान ईदला माझा भाचा इंग्लंडहून जालन्याला आला. पोरांसाठी चॉकलेटं, बायकांसाठी अत्तर आणि माझ्यासाठी काचेची एक बाटली घेऊन. "मामू, तुमकू पुरानी चीजां पसंद हैं ना, ये लेव." बाटलीत काकवीसारखा दाट, काळाभोर अर्क होता. कॉफीचा. ब्रँडचं नाव 'कॅम्प'. लेबलवर छावणीतला तंबू, तंबूपुढे गुडघ्यापर्यंतचा चौकड्यांचा झगा घातलेला स्कॉटिश शिपाई आणि त्याच्या शेजारी पगडीवाला शीख. दोघंही बसलेले, दोघांपुढे कपबशी.

मग भाच्याने मोबाइलवर याच बाटलीचं जुनं लेबल दाखवलं. तंबू तोच, शिपाईही तोच. पण त्यात शीख बसलेला नव्हता. तो उभा होता आणि त्याच्या हातात तबक होतं. "अब बाजू में बिठा दिए उसकू," भाचा हसत म्हणाला. अम्मीने चष्मा लावून दोन्ही चित्रं पाहिली आणि विचारलं, "दोनों बैठ गए तो कॉफी बनाया कौन?"

सगळे हसले. माझ्या मनातून मात्र तो प्रश्न गेला नाही. खाण्यापिण्याच्या डब्यांवर, बाटल्यांवर, हॉटेलांच्या पाट्यांवर माणसांची जी चित्रं असतात त्यांच्याकडे तेव्हापासून मी जरा निरखून पाहू लागलो. हा लेख त्यातून आला आहे.

झगेवाला शिपाई आणि असई

कॅम्प कॉफी ही ग्लासगोच्या पॅटरसन अँड सन्स कंपनीची. सुरुवात १८७६ची. हिंदुस्थानात मोहिमेवर जाणाऱ्या गॉर्डन हायलँडर्स पलटणीला झटपट करता येईल अशी कॉफी हवी होती, म्हणून हा अर्क तयार झाला असं सांगतात. लेबलवरचा शिपाई म्हणजे मेजर जनरल हेक्टर मॅकडोनाल्ड असंही मानलं जातं. हा गरीब शेतकऱ्याचा मुलगा, साधा शिपाई म्हणून भरती झाला आणि जनरलपदापर्यंत चढला. लेबलवर त्याला चेहरा मिळाला, नाव मिळालं, दंतकथा मिळाली. शेजारच्या शिखाला यातलं काहीच मिळालं नाही. विसाव्या शतकात त्याच्या हातातलं तबक चित्रकाराने काढून घेतलं, तरी तो उभाच राहिला. त्याला बसायला २००६ साल उजाडावं लागलं. म्हणजे इंग्रज हिंदुस्थान सोडून गेल्यावरही जवळपास साठ वर्षं तो तंबूपुढे तिष्ठत होता.

बाटलीतल्या मालाचं म्हणाल तर आजही तिच्यात कॉफीपेक्षा चिकोरी कितीतरी जास्त आहे. विकलं जात होतं ते चित्र. साहेब बसलाय, काळा माणूस सेवेला उभा आहे आणि आपणही घरबसल्या तो थाट विकत घेऊ शकतो, हे ग्लासगोच्या गिरणी कामगाराला ते चित्र सांगत होतं.

हा झगेवाला शिपाई आम्हा जालनेकरांना मात्र तसा परका नाही. जिल्ह्याच्या उत्तरेला केळणा आणि जुई नद्यांच्या दुआबात असई नावाचं गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे शिंदे-भोसल्यांची फौज आणि आर्थर वेलस्लीची फौज भिडली. वेलस्ली म्हणजे पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. त्याच्याकडे ७४वी आणि ७८वी अशा दोन हायलँडर पलटणी होत्या. ७४वी तर असईच्या तोफांपुढे जवळपास कापली गेली. कंपनीच्या बाजूचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून १,५८४ माणसं त्या एका दिवसात कामी आली. त्यांतली बरीचशी मद्रासकडचे देशी शिपाई होते. जिंकल्यावर पलटणींना मानाचं चिन्ह मिळालं, हत्ती आणि 'असई' हा शब्द. भारतीय लष्कराच्या मद्रास रेजिमेंटच्या चिन्हात आजही तो हत्ती आहे.

या लढाईत जेवण कुणी पुरवलं? वेलस्लीच्या फौजेचं धान्य बैलांच्या पाठीवर लादून आणणारे होते बंजारे. त्यांच्या गोणी वेळेवर पोचल्या नाहीत तर फौज हलत नसे, हे वेलस्ली स्वतः जाणून होता आणि त्याच्या पत्रव्यवहारात बंजाऱ्यांचा विषय पुन्हा पुन्हा येतो. पण लष्करी खाण्याची जाहिरात करायची वेळ आली तेव्हा लेबलवर तंबू आला, झगा आला, पगडी आली. बैल आणि बंजारा आला नाही.

आता त्या दोघांच्या कपड्यांकडे पाहा. १७४६ साली कलोडनच्या लढाईत हायलँडचे लोक हरले. त्यानंतर ब्रिटिश संसदेने त्यांच्या या झग्यावरच बंदी घातली. ती १७८२पर्यंत टिकली. बंदीतून सूट फक्त सैन्यातल्या पलटणींना. म्हणजे आपल्या गावात झगा घातला तर गुन्हा, राजासाठी मरायला जाताना घातला तर शान. शिखांचं राज्य १८४९मध्ये कंपनीने गिळलं आणि त्यानंतर त्यांच्याही पलटणी उभ्या केल्या. त्यांच्याही पगडीचं मग 'लढवय्या जमात' म्हणून कौतुक सुरू झालं. म्हणजे कॅम्प कॉफीच्या लेबलवर एक साहेब आणि एक नोकर दिसतो खरा, पण ते दोघंही हरलेल्या मुलखांतले आहेत. हरले, निरुपद्रवी झाले, तेव्हाच त्यांचा पेहराव चित्रात आला.

मला यात एक नियमच दिसतो. सत्ता असते तोवर माणसाचं नाणं चालतं. सत्ता गेली की त्याचं चित्र डब्यावर येतं.

आमची मोगलाई

हा नियम आपल्याकडे लावून पाहू. त्यासाठी 'मोगलाई' हा एकच शब्द पुरेसा आहे.

१७२४ साली साखरखेर्ड्याला निजामुल्मुल्क आसफजाहने लढाई जिंकली आणि दख्खनचा सुभा दिल्लीच्या हातातून प्रत्यक्षात आपल्याकडे घेतला. साखरखेर्डा आमच्या शेजारीच, सिंदखेडराजा तालुक्यात. निजाम मुळात मोगलांचा सुभेदार, म्हणून मराठी माणूस त्याच्या मुलखाला 'मोगलाई' म्हणू लागला. पेशवाई गेली, इंग्रज आले, दिल्लीची मोगल बादशाहीही १८५७नंतर संपली, पण मराठवाडा मराठी बोलीत १९४८पर्यंत मोगलाईच राहिला. आमची दादी मोगलाईत जन्मली, मोगलाईत तिचं लग्न झालं. त्याच शब्दाला मराठीत दुसराही अर्थ चिकटला, अंदाधुंदी. "इथं काय मोगलाई लागलीय का?" असं मास्तरही वर्गात म्हणत आणि आम्ही दोन-चार मुसलमान पोरं बाकावर उगाच आखडून बसत असू.

आता जालन्याहून औरंगाबादच्या दिशेने निघा आणि पाट्या वाचा. 'मुगलाई', 'शाही मुगलाई', 'मुगल दरबार'. इथे त्याच शब्दाचा अर्थ झालाय ऐश, तूप, काजू, केशर. एकाच भाषेत, एकाच रस्त्यावर, एकच शब्द शिवीही आहे आणि मेनूकार्डही. राज्य म्हणून मोगलाई वाईट, रस्सा म्हणून मोगलाई उत्तम.

या दोन्ही अर्थांत आमची दादी कुठेच बसत नव्हती. तिची मोगलाई म्हणजे ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, करडईचं तेल, खट्टी दाल. गोश्त जुम्म्याला, तेही जमलं तर. बिर्याणी लग्नात. मी लहानपणी एकदा तिला विचारलं होतं, "दादी, आपन नवाबां थे क्या?" ती चुलीपाशी भाकरी थापत होती. म्हणाली, "नवाबां हैदराबाद में थे रे बावा. हम तो उनका महसूल भरते थे."

हे वाक्य मी पुढे इतिहासाच्या कुठल्याच पाठ्यपुस्तकात वाचलं नाही. सप्टेंबर १९४८मध्ये पोलीस अ‍ॅक्शन झालं आणि संस्थान भारतात आलं. त्याआधी रझाकारांनी हिंदू रयतेचा छळ केला होता. त्यानंतर मराठवाडा आणि कर्नाटकच्या भागात मुसलमान रयतेवर जे गुदरलं त्याची चौकशी पंडित सुंदरलाल समितीने केली. तिच्या अहवालात मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा आहे. मेले त्यांत नवाब किती असतील? विणकर, शेतकरी, छोटे दुकानदार, चपराशी हीच माणसं होती. निजामाला राजप्रमुखपद मिळालं, तनखा मिळाला. रयतेच्या वाट्याला मात्र निजामाचं नाव आलं. आम्ही 'निजामाचे' ठरलो. काही वर्षांतच 'निजामी' हा शब्द बिर्याणीच्या हंडीवर चढला आणि सगळ्यांना चवदार वाटू लागला. माणसांना मात्र तो तसाच टोचत राहिला.

दादीची फळी

दादीच्या स्वयंपाकघरात एक लाकडी फळी होती. तिच्यावर रिकामे डबे मांडलेले असत. डाळी, मिठाचे खडे, गूळ, सगळं त्यांतच. आम्हा पोरांसाठी ते पहिलं चित्रसंग्रहालय.

मधोमध डालडाचा पिवळा डबा, त्यावर हिरवं ताडाचं झाड. डालडा बाजारात आला १९३७मध्ये. लिव्हर कंपनीच्या हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने तो आणला. 'डाडा' नावाची डच कंपनी हे तूप आयात करायची, तिच्या नावात लिव्हरचा 'ल' घुसवून 'डालडा' झालं. लोकांना तुपाऐवजी हे खायला लावायचं म्हणजे सोपं काम नव्हतं. कंपनीने १९३९च्या सुमारास त्यासाठी सिनेमाची छोटी फिल्म काढली, डब्याच्या आकाराची गाडी रस्त्यांवर फिरवली, चौकाचौकात तळण तळून दाखवलं. गंमत म्हणजे त्या काळात आपल्या देशात वनस्पती तूप मुख्यतः शेंगदाण्याच्या तेलाचं होई. मराठवाड्याच्या माळरानावरचा भुईमूग डब्यात आणि डब्यावर मात्र ताडाचं झाड. शेंगा उपटणारी बाई चित्रात शोभली नसती बहुतेक.

दुसरा चहाचा डबा. चहाची गोष्ट तर आणखी मजेदार. मळे बहुतेक इंग्रजांचे, माल परदेशी जायचा. देशी लोकांनी चहा प्यावा म्हणून मळेवाल्यांकडून १९०३पासून कर गोळा करून प्रचार सुरू झाला. स्टेशनांवर चहा कसा करायचा याच्या सूचना लिहिलेल्या पत्र्याच्या पाट्या लागल्या. आणि १९४७ साली अन्नदा मुन्शी या बंगाली चित्रकाराने जे पोस्टर केलं त्यात चरखा आला. चहा शंभर टक्के स्वदेशी! गांधीजी स्वतः चहा पिऊ नका म्हणून सांगत आले होते. पण त्यांच्याच चरख्याने गोऱ्यांच्या मळ्यातला चहा एका चित्रात देशभक्त करून टाकला. मळ्यात पानं खुडणारी आदिवासी बाई तेव्हाही अर्ध्या पोटी होती. लिप्टनने तिला जाहिरातीत आधीच हसतमुख केलं होतं, मळ्यातून थेट तुमच्या किटलीत या घोषणेसकट.

तिसरी बाटली उन्हाळ्यात येई आणि पुढे वर्षभर तिच्यात रॉकेल राही. रूहअफ्जा. दिल्लीच्या हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी १९०६मध्ये हमदर्द दवाखाना काढला आणि पुढच्याच वर्षी हे सरबत तयार केलं. लेबल १९१०मध्ये मिर्झा नूर अहमद या कलाकाराने रंगवलं. इतके रंग छापण्याची सोय दिल्लीत नव्हती, म्हणून ते आपल्या मुंबईत बोल्टन प्रेसमध्ये छापून घेतलं. फाळणीत हकीमसाहेबांचा एक मुलगा दिल्लीत राहिला, दुसरा कराचीला गेला. सरबत दोन्हीकडे तेच राहिलं.

हे लेबल मी पन्नास वर्षं पाहतोय, पण त्यात काय नाही हे भाच्याच्या बाटलीमुळे पहिल्यांदा ध्यानात आलं. त्यात नवाब नाही. मिनार नाही. हुक्का, तलवार, बुरख्यातली सुंदरी, उंट, काही नाही. फुलं आणि फळं आहेत. बाटलीत जे आहे तेच बाटलीवर. एका मुसलमान हकीमाला आपला माल विकताना मुसलमानीचा देखावा उभा करावासा वाटला नाही. ज्याला तहान लागलीय त्याच्यासाठी ते सरबत होतं.

आणि तरीही एप्रिल २०२५मध्ये आपल्या कंपनीच्या सरबताची जाहिरात करताना बाबा रामदेव यांनी 'शरबत जिहाद' हा शब्द वापरला. हमदर्द दिल्ली उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने हे बोलणं विवेकबुद्धीला धक्का देणारं आहे असं म्हटल्यावर ते व्हिडिओ काढून टाकायची तयारी दाखवण्यात आली. फुलाफळांच्या लेबलवर ज्याला मुसलमान दिसला नव्हता, त्याच्या डोळ्यांत तो जाहिरातीनेच घातला. कॅम्प कॉफीत परका माणूस दाखवून माल खपवला होता, इथे परका माणूस दाखवून दुसऱ्याचा माल पाडायचा होता. हत्यार एकच.

नॅन्सी ग्रीनचं थडगं

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत 'आंट जेमायमा' नावाचं पॅनकेकचं पीठ मिळे. पाकिटावर डोक्याला रुमाल बांधलेली, तोंडभर हसणारी काळी स्वयंपाकीण. हे नाव १८८९मध्ये एका तमाशातल्या गाण्यावरून उचललं होतं. १८९३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात या जेमायमाचं सोंग घेऊन पॅनकेक भाजायला उभी राहिली नॅन्सी ग्रीन. ती केंटकीत गुलाम म्हणून जन्मली होती. लोकांनी गर्दी केली. गुलामगिरी संपून तीस वर्षंही झाली नव्हती आणि गोऱ्या ग्राहकाला ती हसत परत मिळत होती, पाकिटातून. फ्रान्समध्ये 'बनानिया' या कोकोच्या डब्यावर १९१५पासून सेनेगलचा काळा सैनिक हसू लागला. पहिल्या महायुद्धात त्याच्यासारखे हजारो फ्रान्ससाठी मरत होते. सेनेगलचे कवी आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले लिओपोल्ड सेंघोर यांना ते हसू इतकं लागलं की त्यांनी कवितेतून त्याचा निषेध केला.

२०२०मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर आंदोलन पेटलं आणि कंपनीने जेमायमाचं चित्र आणि नाव दोन्ही मागे घेतलं. त्याच वर्षी सप्टेंबरात आणखी एक गोष्ट घडली, तिची बातमी तेवढी गाजली नाही. नॅन्सी ग्रीन १९२३मध्ये वारली होती आणि शिकागोच्या कब्रस्तानात तिच्या थडग्यावर नावाचा दगडसुद्धा नव्हता. तो ९७ वर्षांनी बसवला गेला. सव्वाशे वर्षं तिचं सोंग घराघरांत होतं आणि तिचं नाव कुठेच नव्हतं.

आपल्याकडचं पाहा. १९४६मध्ये बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी एअर इंडियाचा महाराजा काढला. मोठ्या मिशा, पगडी आणि कमरेत वाकलेला. पेहराव राजाचा, वाकणं खिदमतगाराचं. संस्थानं गेली, १९७१मध्ये तनखेही बंद झाले आणि तो सगळा दरबारी पोशाख मोठ्या हॉटेलांच्या दारात उभ्या असलेल्या दरवानाच्या अंगावर गेला. पगारापेक्षा फेटा भारी. पुण्याच्या साबळे वाघिरे कंपनीच्या 'संभाजी बिडी'च्या नावावर लोकांनी आक्षेप घेतला, तेव्हा तिचं नाव 'साबळे बिडी' झालं. राजाचं नाव बंडलावर नको, ही भावना मला समजते. बंडल वळणाऱ्या बाईची मजुरी हा तेव्हाही विषय झाला नाही, हेही दिसतं.

पाटी

हे सगळं मनात घोळत असतानाच माझ्या आतेभावाने हॉटेल काढायचं ठरवलं. औरंगाबाद रोडवर दोन गाळे, पुढे पत्र्याचं शेड. "भाई, तुम लिखने वाले हो, नाम सोचो." त्याने नाव आधीच सोचलं होतं, 'शाही मुगल दरबार'. पेंटरने नमुनाही करून ठेवला होता. सिंहासनावर बसलेला, हातात गुलाब घेतलेला बादशहा.

मी म्हणालो, "आपल्या सात पिढ्यांत कुणी सिंहासन पाहिलं का? अंबाडी, दालचा, भाकरी हे लिही. नान कलिया लिही." नान कलिया हे आमच्या भागाचं खास जेवण. मुहम्मद तुघलकाने १३२७मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली तेव्हा त्याच्या लष्कराबरोबर ते आलं असं सांगतात. बादशहाच्या ताटातलं नाही, शिपायांच्या भटारखान्यातलं. मोठ्या देगीत एकदम शेकडोंसाठी शिजणारं.

आतेभाऊ हसला. "भाई, अंबाडी खाने गाडी कौन रोकेगा? लोगां नवाब देखने कू रुकते. हमकू देखने कू कौन रुकता?"

मी गप्प झालो. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. हप्ते त्याला फेडायचे होते, मला नाही. आणि त्याने पुढे जे म्हटलं ते आणखी अवघड होतं. २०२४मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या रस्त्यावरच्या हॉटेलवाल्यांना मालकाचं नाव पाटीवर लावायला सांगितलं गेलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलैला त्याला स्थगिती दिली. पण बातमी आमच्या घरांत पोचायची ती पोचलीच. आतेभाऊ म्हणाला, "बादशहा का फोटो लगाया तो लोगां फोटो लेते. मेरा नाम लगाया तो गाडी आगे जाती. तुम बोलो, क्या लगाऊं?"

यालाच मी डब्यावरचा नवाब म्हणतो. मेलेला, दूरचा, रेशमी मुसलमान सगळ्यांना चालतो. त्याच्या नावाने काजू घातलेला रस्सा चाटून खाल्ला जातो. जिवंत, शेजारचा, ज्वारी खाणारा, मराठीत शिव्या देणारा आणि मराठीतच हिशेब लिहिणारा मुसलमान पाटीवर नको असतो. आणि आम्हीही पोटासाठी तो रेशमी झगा चढवून दारात उभे राहतो, त्या लेबलवरच्या शिखासारखे. मग कुणी 'तुम्ही बाबराची अवलाद' म्हटलं की आम्हाला राग येतो. पण पाटीवर बादशहा आम्हीच रंगवून घेतलेला असतो. ज्या बादशाहीचा आम्ही महसूल भरला तिचे वारस म्हणून मिरवायचंही आम्हीच आणि तिचा जाब द्यायचाही आम्हीच, हा सौदा आम्हाला महागात पडतोय.

आतेभावाला मी एवढंच म्हणालो, "आपल्याकडे लग्नात देग उघडली की लोक पहिलं काय विचारतात?"

"किसके हाथ का है," तो म्हणाला.

"मग तेच लिही. बादशहा असू दे, पण ज्याच्या हातचं आहे त्याचं नाव लिही."

त्याच्याकडे स्वयंपाकाला आमच्या मोहल्ल्यातले एक म्हातारे भटियारे आहेत. चाळीस वर्षं त्यांनी जालन्यातल्या हिंदू-मुसलमान दोघांच्या लग्नांत देगी उतरवल्यात. हिंदूंच्या लग्नात शाकाहारी, आमच्या लग्नात कलिया. त्यांना विचारलं तेव्हा ते लाजले. "मेरा नाम काय कू? ग्राहक बादशहा का खाने आते," म्हणाले. दोन दिवसांनी मात्र स्वतःच पेंटरकडे जाऊन नावाचं स्पेलिंग दुरुस्त करून आले, असं आतेभावाने सांगितलं.

हॉटेल सुरू होऊन आता पाच महिने झाले. पाटीवर बादशहा आहे, गुलाब आहे. खाली डाव्या कोपऱ्यात मराठीत भटियाऱ्याचं नाव आहे आणि त्याखाली खडूने लिहिलेलं, 'ज्वारीची भाकरी मिळेल'. मी परवा अम्मीला घेऊन गेलो होतो. तिने पाटी वाचली, चष्मा काढला आणि थेट मागच्या दाराने भटारखान्यात गेली. भटियाऱ्यांना सलाम करून आली आणि मगच जेवायला बसली.